आधी पत्रे, मग परिषदा : प्रारंभीच्या ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासाचा एक अनुभव

प्रारंभीच्या ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाकडे मी बायबलच्या वाटेने आले नाही, चर्चच्या वाटेने तर नाहीच. मी आले ती रोमन साम्राज्याच्या कारभाराच्या वाटेने. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या शतकातील रोमन अरिष्टावर निबंध लिहीत असताना, सम्राट डेशियसच्या काळातील एका इजिप्शियन अर्जाचे भाषांतर माझ्या हाती पडले. २६ जून २५० रोजी अलेक्झांड्रू नेसोस या खेड्यातील ऑरेलियस डायोजेनीस नावाच्या ७२ वर्षांच्या माणसाने तो अर्ज गावातील यज्ञकार्यावर देखरेख ठेवणाऱ्या पंचांकडे दिला होता. उजव्या भुवईवर व्रण, अशी त्याची ओळखखूणही त्यात नोंदवलेली आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो आहोत आणि आताही पंचांसमक्ष, आज्ञेप्रमाणे, बळी दिला, मद्याची धार सोडली व बळीचे मांस खाल्ले, तरी तसा दाखला मिळावा, एवढीच त्याची विनंती आहे. तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत ज्याने कधी दाखल्यासाठी अर्ज केला आहे, त्याला या मजकुराची धाटणी परकी वाटणार नाही.

डायोजेनीस हा पकडला गेलेला, भीतीने धर्म सोडणारा ख्रिस्ती असणार, असे मी तेव्हा गृहीत धरले आणि निबंधात तसे लिहूनही टाकले. अर्जात तसा एक शब्दही नाही. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत सापडली आहेत, आणि त्यांपैकी एक तर पेटेसुखोस या मगररूपी देवाच्या पुजारिणीचे आहे. जी बाई स्वतः देवळात पूजाअर्चा करते, तिच्याकडूनही बळी दिल्याचा दाखला मागितला जात असेल, तर डेशियसची ही बळी देण्याची आज्ञा ख्रिस्ती लोकांना हुडकून काढण्यासाठी नव्हे, तर साम्राज्यातील सर्वच रहिवाशांसाठी निघालेली होती, हे उघड आहे. ख्रिस्ती लोक तिच्यात सापडले, आणि त्यांच्या संघटनेवर तिचा परिणाम फार खोल झाला, ही पुढची गोष्ट. निबंध तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त ‘कशावरून?’ एवढेच लिहिले होते. त्या एका शब्दामुळे मी या विषयात शिरले, असे म्हटले तरी चालेल.

नव्याने येणाऱ्यांना पहिली अडचण भेटते ती ग्रंथांची नव्हे, तर भाषांतरांची. जालावर फुकट मिळणारी इंग्रजी भाषांतरे बहुतेक एकोणिसाव्या शतकातील आहेत; ती उपयोगी आहेत, पण त्यांच्यातील प्रस्तावना, टिपा आणि ‘हे पत्र बनावट आहे’ अशा सूचना अनेकदा वेगळ्या पानावर राहून जातात. मला त्याचा चांगलाच फटका बसला. सिरियातील अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी कैदी म्हणून रोमकडे नेला जात असताना त्याने वाटेतून लिहिलेली सात पत्रे प्रसिद्ध आहेत. माझ्या शोधप्रबंधाच्या आराखड्यात मी त्याच्या ‘अंत्युखियाच्या लोकांस’ या पत्रातील उतारा मोठ्या दिमाखाने उद्धृत केला होता, कारण त्यात उपडीकन (डीकन या सेवकपदाखालचा साहाय्यक), वाचक, गायक, द्वारपाल आणि भूतबाधा उतरवणारे अशा कितीतरी पदांना नमस्कार सांगितलेले आहेत, आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभीच चर्चची संघटना एवढी भरगच्च होती हे दाखवण्याची मला घाई झाली होती. हे पत्र त्या सात पत्रांपैकी नव्हेच. ते चौथ्या शतकात कोणीतरी इग्नेशियसच्या नावावर लिहिलेले असून, त्याच हाताने मूळ सात पत्रांतही भर घातलेली आहे. खरी पत्रे वेगळी काढण्याचा मार्ग १६४४ साली जेम्स अशर याने दाखवून दिला, म्हणजे ही गोष्ट पावणेचारशे वर्षे सर्वांना ठाऊक आहे. मला ती आराखडा सादर करण्याच्या दिवशी, आठ माणसांसमोर कळली.

त्यामुळे सहा महिने वाया गेले. परंतु एक सवय लागली ती कायमची. कोणताही उतारा वहीत घेताना त्याच्यापुढे तो कोणत्या हस्तलिखितातून आला, ते हस्तलिखित केव्हाचे आहे आणि छापील आवृत्तीत त्याचा क्रमांक काय, हे लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. क्रमांकाचे हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळता येत नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा तिसऱ्या शतकातला बिशप सिप्रियन याच्या पत्रव्यवहारात ८१ पत्रे आहेत आणि आवृत्त्यांमधील त्यांचे क्रमांक जुळत नाहीत. आजचे अभ्यासक ज्याला पंधरावे पत्र म्हणतात, ते जालावरच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात दहावे आहे. दोन पुस्तकांतील संदर्भ ताडून पाहताना आपण भलतेच पत्र वाचत बसतो आणि लेखकाचाच संदर्भ चुकला असे समजतो.

दुसरी अडचण शब्दांची आहे, आणि मराठी वाचकाला ती दोन बाजूंनी भेटते. नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत प्रेषित पौल ‘एपिस्कोपोस’ आणि ‘डिआकोनोस’ (ज्यांवरून पुढे ‘बिशप’ व ‘डीकन’ हे शब्द आले) या दोन पदांवरील माणसांना नमस्कार सांगतो. मराठी पवित्र शास्त्रात त्यांना ‘अध्यक्ष’ व ‘सेवक’ म्हटले आहे. ‘अध्यक्ष’ वाचले की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखान्याचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष उभा राहतो, ‘बिशप’ म्हटले की वसईच्या किंवा गोव्याच्या सणाच्या मिस्सेतला उंच टोपी आणि दंड धारण केलेला धर्माधिकारी दिसतो, आणि पहिल्या शतकातील फिलिप्पै येथे या दोहोंपैकी कोणीच नव्हते. पौलाने हा शब्द अनेकवचनी वापरला आहे, म्हणजे एका छोट्या मंडळीत देखरेख करणारे अनेक जण होते. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तर नगरोनगरी ‘वडील’ (ग्रीकमध्ये ‘प्रेस्बिटेरोस’, म्हणजे पुढचे ‘प्रेस्बिटर’) नेमण्याविषयी बोलता बोलता लेखक दोनच ओळींनंतर त्यांनाच ‘एपिस्कोपोस’ म्हणू लागतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला जे लांबलचक पत्र पाठवले, ते तेथील तरुणांनी वडिलांना पदावरून दूर केल्याबद्दल आहे. त्यात करिंथच्या एकमेव बिशपाचा उल्लेख नाही, आणि पत्र लिहिणाराही स्वतःचे नाव न सांगता ‘रोममध्ये राहणारी मंडळी’ म्हणून लिहितो. यानंतर दहावीस वर्षांतच इग्नेशियस मात्र आशिया प्रांतातील मंडळ्यांना एक बिशप, त्याच्याभोवती वडीलवर्ग आणि हाताशी डीकन अशी व्यवस्था पुन्हापुन्हा, जवळजवळ हट्टाने, सांगत सुटतो. जी व्यवस्था सर्वत्र निर्विवाद रुजलेली आहे, तिच्याविषयी इतक्या पोटतिडकीने कोणी लिहीत नाही. शिवाय रोमकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात तेथील बिशपाचे नावच येत नाही.

हे सगळे एका सरळ जिन्यासारखे मांडण्याचा मोह नवशिक्याला होतो, कारण पाठ्यपुस्तके तशीच मांडतात. तो मोह मोडायला ‘डिडाखे’ हे प्रारंभीच्या मंडळ्यांसाठीच्या नियमांचे छोटेसे पुस्तक फार उपयोगी पडते. फिलोथिओस ब्रिएन्निओस याला ते १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे १०५६ साली नकललेल्या एका हस्तलिखितात सापडले आणि दहा वर्षांनी त्याने ते छापले. त्यातील मंडळ्यांपुढचा प्रश्न बिशपाच्या अधिकाराचा नाहीच. दाराशी आलेल्या फिरत्या प्रेषिताला किती दिवस जेवू घालायचे, हा आहे. एक दिवस, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा, आणि निघताना भाकरीखेरीज पैसे मागू लागला तरीही खोटाच. आपल्याकडे गावोगाव फिरणाऱ्या बुवांना ओसरी देणाऱ्या कोणत्याही घराला ही कसोटी चटकन समजेल. त्याच पुस्तकात पुढे सांगितले आहे की स्वतःसाठी बिशप व डीकन निवडा, तेही संदेष्ट्यांचेच काम करतात, त्यांना कमी लेखू नका. फिरते आणि स्थानिक असे दोन अधिकार येथे शेजारी शेजारी, थोडे अवघडून उभे आहेत.

माझा एवढाच आग्रह आहे, आणि विद्यार्थ्यांना मी तो दरवर्षी सांगते, की अभ्यासाची सुरुवात ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या बिशपांच्या नायसीया परिषदेपासून करू नये. तेथून सुरुवात केली तर प्रारंभीचा ख्रिस्ती विचार म्हणजे पित्याशी पुत्र ‘समतत्त्व’ आहे की नाही या वादाची पूर्वतयारी, असे चित्र मनात पक्के बसते, आणि त्याआधीचा प्रत्येक लेखक आपण त्या वादाचा उमेदवार म्हणून तपासू लागतो. त्याऐवजी सिप्रियनची पत्रे घ्यावीत. तो श्रीमंत होता, वक्तृत्वकलेत मुरलेला होता, धर्म स्वीकारून दोनतीन वर्षे होतात न होतात तोच कार्थेजचा बिशप झाला, आणि लगेच डेशियसची ती आज्ञा आली. कार्थेजमधील पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी अधिकाऱ्याला पैसे चारून बळी न देताच दाखला मिळवला. सिप्रियन स्वतः शहर सोडून लपला आणि लपलेल्या जागेवरून पत्रे लिहीत राहिला.

या पत्रांत माणसे फार जवळून दिसतात. रोमच्या धर्मसेवकांकडून कार्थेजच्या धर्मसेवकांना एक पत्र आले, त्यात कळप टाकून पळणाऱ्या मेंढपाळाविषयी आडून टोमणा होता आणि खाली सही नव्हती. सिप्रियनने ते पत्र रोमला परत पाठवले व सोबत अत्यंत सभ्य शब्दांत विचारले की, यातील अक्षर, मजकूर आणि कागदसुद्धा पाहून मला शंका येते, तरी हे खरोखर तुम्हीच पाठवलेले आहे काय, ते पाहून कळवावे. अशी एकदोन पत्रे वाचली की ‘चर्च पितर’ (चर्चने प्रमाण मानलेले प्रारंभीचे लेखक) या भारदस्त शब्दामागचा माणूस आपल्याशी बोलू लागतो.

परंतु खरा प्रश्न तुरुंगात असलेल्यांनी निर्माण केला. ज्यांनी छळ सोसूनही श्रद्धा सोडली नव्हती, त्यांचा मान मंडळीत इतका मोठा होता की पतित झालेले, म्हणजे बळी दिलेले वा दाखला घेतलेले लोक त्यांच्याकडून शिफारशीच्या चिठ्ठ्या आणू लागले. ‘अमुक इसमास त्याच्या माणसांसह मंडळीत घ्यावे’, अशा मोघम शब्दांतल्या चिठ्ठ्या निघू लागल्या तेव्हा सिप्रियनने कळवळून लिहिले, की ‘त्याच्या माणसांसह’ म्हणत वीस जण येतील, तीस येतील, आणखीही येतील; निदान नावे तरी लिहा. पापाची क्षमा कोणाच्या हाती, छळ सोसणाऱ्याच्या की बिशपाच्या, हा धर्मशास्त्रातला एक मोठा प्रश्न या चिठ्ठीच्या मसुद्यातून वर आला आहे. २५१ सालच्या वसंतात आफ्रिकेतील बिशप कार्थेजला जमले आणि त्यांनी प्रकरणे वेगवेगळी केली : नुसता दाखला घेणाऱ्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावे, बळी देणाऱ्यांनी मात्र मरणाच्या दारी पोहोचेपर्यंत प्रायश्चित्त घेत राहावे. पुढे पुन्हा छळाची चाहूल लागली तेव्हा हा दुसरा नियमही सैल झाला.

रोममध्ये याच प्रश्नावर फूट पडली. नोव्हेशियन हा तेथील सर्वांत विद्वान प्रेस्बिटर, त्रैक्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिणारा; त्याच्या शिकवणीत कोणाला खोट काढता येत नव्हती. पतितांना परत घेण्यास तो तयार नव्हता, आणि कॉर्नेलियस बिशप झाल्यावर त्याने स्वतःचीही बिशप म्हणून दीक्षा करून घेतली. त्याच्याविरुद्ध कॉर्नेलियसने अंत्युखियाच्या बिशपाला लिहिलेल्या पत्राचा भाग चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियसने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात जपून ठेवला आहे, आणि तो भाग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हाताने उतरवून काढायला सांगते. रोमच्या मंडळीत तेव्हा ४६ प्रेस्बिटर, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (विधींतले साहाय्यक), भूतबाधा उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि १,५०० हून अधिक विधवा व गरजू माणसे होती, या सर्वांचे पोषण मंडळीकडून होत होते. म्हणजे बिशप धरून १५५ माणसांचा सेवकवर्ग आणि त्याच्या दसपट आश्रित. बनावट इग्नेशियसच्या पत्रातली जी पदे मी दीडशे वर्षे आधी ढकलली होती, त्यांतली बरीचशी येथे खरोखर उभी आहेत, आणि एका नोंदवहीच्या स्वरूपात आहेत. ७ डीकन आणि १,५०० तोंडे हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की रोममध्ये डीकन हे पद एवढे वजनदार का झाले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खजिना आणि वाटप त्यांच्या हातून होत असे.

आता विचाराची बाजू पाहावी. ‘चर्चच्या बाहेर तारण नाही’ हे वाक्य पुढे शतकानुशतके मोठमोठ्या दाव्यांसाठी वापरले गेले. सिप्रियनच्या त्र्याहत्तराव्या पत्रात ते येते त्या ठिकाणी चर्चा अन्यधर्मीयांच्या गतीची नाही. फुटलेल्या गटात बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्याकडे आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा की नाही, ही आहे. रोमचा बिशप स्टीफन म्हणत होता की नुसता हात ठेवला तरी पुरे, परंपरा तशीच आहे. सिप्रियनचे म्हणणे असे की जो स्वतः बाहेर आहे त्याच्याजवळ द्यायला काही नाहीच. १ सप्टेंबर २५६ रोजी कार्थेजला ८७ बिशपांनी एकेक करून आपले मत नोंदवले, आणि ती सगळी नोंद उपलब्ध आहे; आरंभी सिप्रियन म्हणतो की आपल्यापैकी कोणीही स्वतःला बिशपांचा बिशप समजत नाही. हा बाण कोणत्या दिशेने सुटला होता, हे त्या सभेत सगळ्यांना कळले असेल. दोन वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, सिप्रियनचा शिरच्छेद झाला. पश्चिमेकडील चर्चने पुढे या वादात रोमची रीत मान्य केली आणि तरीही सिप्रियनला संत मानले, ही गोष्ट ज्याला विचित्र वाटते त्याने उत्तर आफ्रिकेतलाच पुढचा बिशप ऑगस्टीन याचे डोनॅटिस्ट या तेथील फुटलेल्या गटाशी झालेले वाद वाचावेत. दोन्ही पक्ष तेथे सिप्रियनलाच साक्षीला बोलावतात.

एवढे झाल्यावर नायसीया वाचायला घ्यावे, आणि तेही मतांगीकार (श्रद्धेचे अधिकृत निवेदन) बाजूला ठेवून त्या परिषदेच्या २० नियमांपासून. धर्मसेवकांनी व्याज खाऊ नये, बिशपाने वा प्रेस्बिटराने शहर बदलू नये, डीकनांनी प्रेस्बिटरांना प्रसाद देण्याचा आगाऊपणा करू नये, असे नियम तेथे आहेत, आणि आठव्या नियमात नोव्हेशियनच्या अनुयायांना परत कसे घ्यावे हेही आहे. म्हणजे कार्थेज आणि रोमचे ते भांडण पाऊणशे वर्षांनंतरही सम्राटाच्या समोर बसलेल्या परिषदेच्या कामकाजात होते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. ग्रीक आणि लॅटिन यांपैकी एक भाषा पहिल्या वर्षीच सुरू करावी; संस्कृत शिकलेल्यांना ग्रीक क्रियापदांची भीती वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. सुरियानी (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची प्राचीन भाषा) शिकायची असेल तर कोट्टायमची सेंट एफ्रेम संस्था आहे. पुण्यात ज्ञानदीप आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थांत या विषयाची ग्रंथालये आहेत. आधी पत्र लिहून आपण काय वाचणार आहोत ते कळवावे. नोकरीविषयी भ्रम ठेवू नये : महाविद्यालयांत जागा निघते ती इतिहासाची, नेट द्यायची तीही इतिहासाची किंवा धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची, त्यामुळे प्राचीन भारत आणि रोम दोन्ही शिकवण्याची तयारी हवी. घरचे विचारतील की धर्म बदलणार आहेस का, आणि काही ख्रिस्ती स्नेही विचारतील की आमच्या घरात दोष काढायला आलीस का. दोघांनाही मी ४६ प्रेस्बिटर आणि १,५०० विधवा-गरजूंची गोष्ट सांगते. ज्यांना विषय महाराष्ट्राजवळ आणायचाच आहे त्यांच्यासाठी सहाव्या शतकातील कोस्मास या प्रवासी व्यापाऱ्याची एक ओळ आहे : कल्लिआना येथे पर्शियातून नेमून येणारा बिशप असतो, असे तो लिहितो, आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. एका ओळीवर प्रबंध मात्र उभारू नये.

राहिली ती वही. डावीकडे मूळ शब्द, मग लेखक, वर्ष व गाव, आणि शेवटी मराठी प्रतिशब्द, असे रकाने मी तेव्हापासून पाडत आले आहे. ‘डिआकोनोस’ आणि त्याच्या लॅटिन प्रतिशब्दांखालच्या नोंदींत रोमच्या सात डीकनांच्या वर आशिया मायनरमधील बिथिनियाच्या दोन दासी आहेत, ज्यांना सुमारे ११२ साली प्लिनी या अधिकाऱ्याने छळ करून जबाब द्यायला लावला आणि ज्यांना त्यांची मंडळी ‘मिनिस्त्रे’, म्हणजे सेविका, म्हणत होती. त्यांच्यापुढे मी ‘डीकन’ लिहावे की ‘सेविका’, हे अजून ठरलेले नाही. तो रकाना पेन्सिलीने भरलेला आहे.